चिलखत घडते कसे? कडी, कापूस आणि शिकल

(१/२५)
१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याचा शामियाना. अफजलखानाचा वार शिवाजी महाराजांवर झाला; पण जरीच्या कुडतीखाली चिलखत असल्याने शस्त्र वरच्या वर खरखरले, अंगास लागले नाही, असे कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. हा प्रसंग महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. ज्या कड्यांनी तो वार परतवला त्या कोणी ओढल्या, कोणी जोडल्या, कोणी घासल्या, हे मात्र सहसा विचारले जात नाही. आजचा धागा त्या हातांविषयी.

(२/२५)
हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा, कोल्हापूरचा मर्दानी खेळ, वऱ्हाडातल्या गावोगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुका, चित्रपट आणि नाटके यांमुळे चिलखत, जिरेटोप आणि ढाल यांना पुन्हा मागणी आली आहे. परंतु मागणी आहे ती रूपाची. पत्र्यावर चंदेरी रंग मारला की काम झाले, अशी समजूत रूढ होते आहे. खरे चिलखत हे पाच-सहा व्यवसायांचे एकत्रित काम होते, आणि त्यातला लोहार हा केवळ एक भागीदार होता.

(३/२५)
आधी शब्द पाहू. चिलखत, बख्तर, जिरह हे शब्द फार्सीच्या वाटेने मराठीत आले. ‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने शाही शस्त्रागाराची यादी दिली आहे, तीत जिरह, बख्तर, जोशन, चार आईना अशी अंगत्राणे ओळीने येतात आणि ‘चिहिलकद’ हे नावही येते. जिरह म्हणजे कड्यांचे विणकाम. आपल्या ‘जिरेटोप’ या शब्दात तीच जिरह दडलेली आहे. त्याचा जिऱ्याशी संबंध नाही.

(४/२५)
दख्खनेत दिसणारे प्रकार ढोबळमानाने तीन. पहिला, निव्वळ कड्यांचा अंगरखा. दुसरा जिरहबख्तर: यात छाती, पोट आणि पाठ या ठिकाणी लहान पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या कड्या असतात. तिसरा चार आईना: छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांवर बांधायच्या चार पाट्या; कुशीच्या पाट्यांना काखेसाठी खाच कापलेली. आईना म्हणजे आरसा. पाटी आरशासारखी घासलेली असे, म्हणून हे नाव. म्हणजे अखेरचा हात हा इथे वस्तूच्या नावातच आला आहे.

(५/२५)
आता कडी. तिची सुरुवात तारेने होते. तारेसाठी कडक पोलाद चालत नाही. मऊ लोखंड लागते. जाड पोलादी पट्टीला उतरत्या मापाची भोके पाडलेली असतात. लोखंडाची बारीक कांब त्यांतून एकामागून एक ओढत न्यायची. दर काही ओढींनंतर धातू ताठरतो, मग तो तापवून सावकाश निवू द्यावा लागतो. ही पायरी घाईत उरकली तर तार पुढच्या भोकात तुटते. सोनाराची तार याच रीतीने निघते. फरक एवढाच की लोखंड ओढायला मनगटाऐवजी अख्खे अंग लागते.

(६/२५)
तयार तार सळईवर गच्च गुंडाळायची, म्हणजे स्प्रिंगसारखे वेटोळे होते. छिन्नीने ते एका रेषेत कापले की सुट्या कड्या हाती येतात. प्रत्येक कडीची दोन टोके एकमेकांवर चढवून ऐरणीवर चपटी करायची, त्या चपट्या भागात बारीक छिद्र पाडायचे, कडी शेजारच्या चार कड्यांत ओवायची आणि मग छिद्रात सूक्ष्म खिळा घालून तो दोन्ही बाजूंनी ठोकून बसवायचा. हेच रिव्हेट. छिद्र कडेला सरकले तर टोक फाटते आणि कडी टाकून द्यावी लागते.

(७/२५)
हिंदुस्थानी आणि इराणी कारागिरांनी यात एक सोय केली होती. एक ओळ रिव्हेटच्या कड्यांची, तर पुढची ओळ पत्र्यातून थेट ठोकून काढलेल्या अखंड कड्यांची. अखंड कडीला सांधाच नसल्याने तिथे उघडण्याचा धोका नाही आणि रिव्हेटचे काम निम्म्यावर येते. जुन्या चिलखतावर भिंग धरले तर एकाआड एक ओळींतला हा फरक पुष्कळदा स्पष्ट दिसतो.

(८/२५)
श्रमांचा अंदाज घेऊ. कडीच्या मापानुसार एका अंगरख्यात वीस-तीस हजार कड्या सहज जातात. वीस हजार धरू. त्यांतल्या निम्म्या रिव्हेटच्या, आणि एका कडीला दोनच मिनिटे धरली, तर दहा हजार कड्यांची वीस हजार मिनिटे होतात. दिवसाला आठ तास या हिशेबाने केवळ रिव्हेटचे काम बेचाळीस दिवसांचे. तार ओढणे, कडी कापणे, अखंड कड्या ठोकणे आणि बाह्या-गळ्याचा घाट साधणे हे त्याहून निराळे. चिलखत मौल्यवान का होते आणि ते पिढ्यान् पिढ्या का दुरुस्त केले जाई, हे यावरून उमगते.

(९/२५)
घाट साधणे म्हणजे शिंप्याचेच काम, फक्त कापडाऐवजी कड्यांचे. काखेत कड्या वाढवायच्या, कमरेशी घटवायच्या, घोड्यावर बसता यावे म्हणून पुढे-मागे चीर ठेवायची. सुमारे दहा किलोंचे हे वजन सारे खांद्यांवर येते. कमरपट्टा आवळून बांधला की त्यातला बराच भार नितंबांवर उतरतो. मिरवणुकीत तासाभरात ज्यांचे खांदे भरून येतात, त्यांनी हा कमरपट्टा एकदा नीट बांधून पाहावा.

(१०/२५)
अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रिव्हेट गाळलेल्या कड्याही वापरात आल्या. कडीची दोन टोके नुसती एकमेकांना भिडवायची. लोखंड, पितळ आणि तांबे यांच्या अशा कड्या मिसळून अंगरख्यावर चौकटी आणि नक्षी विणत. तो ‘गंगाजमनी’ थाट. दिसायला देखणा, पण टोकदार शस्त्राचा भोसका आला की भिडवलेली कडी उघडते. शोभेचे चिलखत आणि रणातले चिलखत यांतले अंतर एका खिळ्याएवढे असते. आज बाजारात मिळणारी बहुतेक चिलखते या भिडवलेल्या जातीची आहेत.

(११/२५)
आता कापसाकडे येऊ. वऱ्हाडचा संबंध इथे येतो. कड्या धार अडवतात, आघात अडवत नाहीत. तलवार कडीला कापू शकली नाही तरी तिचा तडाखा हाडापर्यंत पोहोचतो. तो शोषायला आत जाड, कापूस भरलेली बंडी किंवा डगला लागतो. युरोपातल्या योद्ध्यांच्या चिलखताखालीही असाच भरलेला अंगरखा असे. कड्यांविना नुसता डगला रणात चालत असे. पण डगल्याविना नुसत्या कड्या घालणे म्हणजे हाड मोडून घेणे.

(१२/२५)
डगल्याची रीत आपल्या गोधडीची. पिंजाऱ्याने कापूस पिंजून द्यायचा, शिंप्याने तो दोन कापडांत पसरून जवळजवळच्या उभ्या शिवणींनी जखडायचा. शिवणी विरळ असतील तर कापूस खाली उतरतो आणि खांदा उघडा पडतो. शिवणी दाट असतील तर कापूस दबून टणक होतो आणि उथळ कापही बऱ्याच अंशी थोपवतो. दख्खनच्या उन्हात लोखंड तापते. कापूस घाम टिपतो. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाला हेच सोयीचे होते.

(१३/२५)
वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्याचा हा सारा टापू कापसाचा. कामरगावच्या काळ्या जमिनीत आजही पऱ्हाटी उभी असते. १६७० मध्ये मराठ्यांनी कारंजा लुटले; तेव्हा सोन्या-चांदीबरोबर उंची कापडही नेले आणि ती लूट चार हजार बैल-गाढवांवर लादली होती, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. लुटीच्या यादीत कापडाला हे स्थान असावे, यावरून या पेठेची ओळख पटते. चिलखताचा इतिहास केवळ खाणी-भट्ट्यांचा मानला तर वऱ्हाड त्यात कोठेच दिसत नाही. कापूस मोजला की वऱ्हाडही त्यात येतो.

(१४/२५)
लोखंडासाठी मात्र दक्षिणेकडे पाहावे लागते. वाशीम जिल्ह्यातून वाहणारी पैनगंगा ओलांडून, पुढे गोदावरीच्याही पलीकडे, आजच्या तेलंगणात कोनासमुद्रम हे गाव आहे. तिथे मातीच्या मुशीत लोखंड बंद करून दीर्घकाळ तापवत आणि सावकाश निववत. त्यातून उत्तम पोलादाची ढेप मिळे. हेन्री व्हॉयसी या भूगर्भशास्त्रज्ञाने या कामाचे वर्णन केले असून ते १८३२ मध्ये छापले गेले. हे पोलाद विकत घेण्यासाठी थेट इराणचे व्यापारी येत, हेही त्यातून कळते. हे पोलाद पात्यांसाठी. कडीला मऊ लोखंड आणि पात्याला मुशीतले पोलाद, ही जाण कारागिराला असे.

(१५/२५)
टोप घडवणे हे कड्यांहून वेगळे कसब. सपाट पत्रा आतून-बाहेरून ठोकत त्याचा घुमट उचलायचा. ठोकता ठोकता शिखराशी पत्रा पातळ होतो, आणि डोक्यावरचा वार तर नेमका तिथेच येतो. म्हणून चांगला कारागीर कडेचा धातू शिखराकडे दाटत नेतो. नाकासमोर वर-खाली सरकणारी पट्टी, तुऱ्यासाठी नळ्या आणि मानेवर रुळणारी कड्यांची झालर एवढे झाल्यावर टोप पुरा होतो. आत जाड अस्तर नसेल तर मात्र तो टोप म्हणजे डोक्यावर पालथी घातलेली घंटा.

(१६/२५)
ढालीत चांभार, जीनगर आणि लाखेचे काम करणारा एकत्र येतात. गेंड्याचे किंवा म्हशीचे कातडे भिजवून साच्यावर ताणायचे, वाळवायचे, घासायचे आणि त्यावर लाखेचे थर चढवायचे. ढालीवरची चार घुमटाकार फुले निव्वळ शोभेची नसतात. मागच्या बाजूला मुठीचे पट्टे ज्या कड्यांत अडकवतात, त्या कड्यांचे खिळे या फुलांखाली ठोकलेले असतात. मुठीमागे बोटांच्या सांध्यांसाठी छोटी गादी असते. ती गादी नसलेली ढाल पहिल्याच तडाख्यात धरणाऱ्याचीच बोटे ठेचते.

(१७/२५)
दांडपट्ट्याचा खोबळा हेही खरे तर चिलखतच: मनगट ते कोपर झाकणारा पोलादी हात, आत आडवी मूठ, पुढे लांब लवचीक पाते. कित्येक पाती युरोपातून येत. फिरंगी पाते आणि देशी मूठ ही जोडी दख्खनेत सर्वत्र दिसते. पात्याचे शेपूट मुठीत बसवताना वितळलेली लाख ओतत. लाख थंड झाली की पकड घट्ट, आणि पाते बदलायचे तर मूठ नुसती तापवायची. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो या संयुक्त कारागिरीलाही मिळालेला मान आहे.

(१८/२५)
आणि आता शिकल. शिकल म्हणजे झिलई. ती करणारा शिकलगार. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून चाक घडवायचे आणि त्या फिरत्या चाकावर धातू धरायचा. आधी जाडी पूड, मग मध्यम, शेवटी वस्त्रगाळ. मुशीतल्या पोलादावर अखेरीस हिराकसाचे पाणी फिरवले की पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उमटते. ती नक्षी पोलादाच्या पोटातच असते. शिकलगार ती उघडी करतो. म्हणून जुन्या पात्यावर सँडपेपर चालवणे किंवा क्रोमचा मुलामा देणे म्हणजे त्याची ओळख पुसणे होय.

(१९/२५)
झिलई ही केवळ चमक नाही. खडबडीत पृष्ठभागावर ओल साठते आणि तिथून गंज शिरतो. गुळगुळीत पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर टिकतो. कड्यांच्या अंगरख्यात तर हजारो सांधे, आणि तिथे कापड पोहोचत नाही. म्हणून तो कोरड्या वाळूत घोळवून काढायचा, झटकायचा आणि तेलाचा हात फिरवायचा. युरोपात यासाठी वाळूचे पिंप गडगडवत. पावसाळ्यापूर्वी ही निगा झाली नाही तर एका मोसमात रिव्हेटचे डोके झडते आणि ‘मजबूत’ चिलखत भिडवलेल्या कड्यांच्या मोलाचे उरते.

(२०/२५)
हे सारे व्यवसाय विखुरले कसे? तोफा-बंदुकांनी चिलखताचे महत्त्व आधीच घटवले होते. १८०३ मध्ये वऱ्हाडातच अडगावची लढाई झाली आणि गाविलगड पडला, तेव्हा निर्णायक ठरल्या त्या कवायती पलटणी आणि तोफा. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, त्याच वर्षाअखेर नागपूरकर भोसल्यांचे राज्य वारसाअभावी संपले. फौजा आटल्या, त्याबरोबर शस्त्रागारे आटली आणि दरबारी मागणीवर जगणारे हात रिकामे झाले.

(२१/२५)
सर्वांत खेदाची गोष्ट तंजावरची. १८५५ मध्ये तिथल्या भोसले घराण्याचे राज्य खालसा झाले. त्यानंतरच्या दशकात तिथले समृद्ध मराठा शस्त्रागार मोडीत निघाले. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या. उरलेला ढीग तोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकला गेला. शेकडो दिवसांच्या श्रमांची किंमत वजनकाट्यावर ठरली. दख्खनी शस्त्रांविषयी आपण आज जे अभ्यासतो, ते त्या मोडीतून वाचलेले अवशेष होत.

(२२/२५)
१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पकड आवळली आणि उरलासुरला धंदाही संपवला. शिकलगार सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागले. घिसाडी गावाबाहेर पाल ठोकून विळे-कोयते शेवटू लागले. हे दोन्ही समाज आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. शस्त्रांच्या गौरवाच्या सभा होतात. शस्त्र घडवणाऱ्यांच्या पालांवर मात्र कोणी फिरकत नाही. खंडेनवमीला आपण औजारे घासून, तेल लावून पूजतो. तो संस्कार मूळचा याच कामाचा आहे, एवढे तरी त्या दिवशी आठवावे.

(२३/२५)
तिकडे जगात वेगळेच वळण आले. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे काही हौशी मंडळींनी मध्ययुगीन लढतींचा खेळ सुरू केला: अंगावर खरे चिलखत, हातात वेताची तलवार. पुढे युरोपात बोथट पोलादी शस्त्रांच्या सांघिक लढतीही रुजल्या. अशा खेळाडूंसाठी आणि हॉलिवूडसाठी तलवारी-चिलखते घडवणाऱ्यांत देहरादूनची, १९४३ मध्ये सुरू झालेली विंडलास स्टीलक्राफ्ट्स अग्रेसर आहे. परदेशातला सरदार भारतीय कारागिराची कडी अंगावर चढवतो, आणि आपल्या मिरवणुकीतला मावळा पत्र्याची.

(२४/२५)
पथक चालवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. खर्च आधी डगल्यावर आणि टोपाच्या अस्तरावर करावा, लोखंडावर नंतर. लढतीच्या पात्याची कड किमान दोन मिलिमीटर जाड आणि टोक गोल असावे; प्रत्येक फेरीनंतर बोट फिरवून पात्यावरचे दाते शोधावेत आणि कानशीने उतरवावेत, कारण दातेरी कड कापते. भिडवलेल्या कड्यांचे चिलखत शोभेपुरते ठेवावे, त्यावर खरा भोसका कधीही घेऊ नये. आणि धारदार तलवार बाळगण्यास १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो, हे सोहळ्याआधी समजून घ्यावे.

(२५/२५)
पाचवी गोष्ट पैशाची नाही. पथकात ज्याने टोप ठोकला, ज्या मावशींनी डगला शिवला, ज्याने पात्यावर शिकल चढवली, त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेवर छापावीत. प्रतापगडावरचे चिलखत विणणाऱ्याचे नाव आपल्याला कोणत्याच बखरीने सांगितलेले नाही. तो वार अडला, इतिहास घडला आणि कारागीर अनामिक राहिला. पुढच्या पिढीला तरी हे नाव शोधत बसावे लागू नये. आपल्या गावी जुने चिलखत, ढाल किंवा टोप असेल, तर तो न घासता कड्यांचे आणि रिव्हेटचे छायाचित्र खाली जरूर द्या. एकत्र पाहू, एकत्र वाचू.
लेखनसीमा.
#चिलखत #शिकलगार #वऱ्हाड #मराठ्यांचा_इतिहास